अंश आणि छेद : महामारीतल्या हजेरीचे वाचन

हजेरीपटात रविवार उभा लिहितात. तारखेच्या अरुंद रकान्यात वर ‘र’, त्याखाली ‘वि’, मग ‘वा’, मग ‘र’, असा तो मुलांच्या नावांसमोरून खाली उतरत जातो. सणाची सुट्टीही तशीच. त्या दिवशी कोणी हजर नसते आणि कोणी गैरहजरही नसते. महिनाअखेरीस सरासरी उपस्थिती काढताना तो दिवस धरायचाच नसतो. मार्च २०२०मध्ये घोटी परिसरातल्या एका प्राथमिक शाळेत मी चौथीचा हजेरीपट असाच भरत होतो. महिन्याच्या मध्यावर शाळा बंद ठेवण्याचा आदेश आला आणि मी पुढच्या रकान्यांत उभे लिहिले : ‘शाळा बंद’. हे दोन शब्द पुढे किती पाने चालणार आहेत, याची तेव्हा कोणालाच कल्पना नव्हती.

आता मी निवृत्त आहे. त्या दोन वर्षांत शाळांच्या उपस्थितीविषयी जे आकडे प्रसिद्ध झाले, वर्तमानपत्रांत आले, भाषणांत उद्धृत झाले, ते मी गेले काही महिने पुन्हा वाचतो आहे. एखादी कविता किंवा कादंबरी वाचताना आपण विचारतो, की हे कोण सांगते आहे, कोणाला सांगते आहे आणि काय सांगायचे टाळते आहे. टक्केवारीला मात्र हे प्रश्न आपण विचारत नाही. तिला निवेदक नाही असेच आपण धरून चालतो. या लेखात मला एवढेच दाखवायचे आहे, की हजेरीच्या टक्केवारीलाही निवेदक असतो आणि तो अपूर्णांकाच्या छेदात, म्हणजे रेषेच्या खाली बसलेला असतो. आपण वाचतो तो अंश. महामारीत बदलला तो मुख्यतः छेद.

हजेरीचे आकडे वाचण्याच्या दोन सवयी आपल्याकडे रूढ आहेत. पहिली सरकारी : टक्का वाढला म्हणजे मुले शाळेत आली. दुसरी संशयाची : शाळेचे आकडे म्हणजे खोटेच असणार. या दुसऱ्या सवयीला इतिहासाचा भक्कम आधार आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत महाराष्ट्रभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली गेली. पटावरच्या निम्म्याहून कमी मुले जागेवर सापडली अशा १,४०४ शाळांचा प्रश्न पुढे उच्च न्यायालयात गेला. पटावर नाव असले की शिक्षकाचे पद टिकते, अनुदान टिकते, तांदूळ येतो. त्यामुळे नाव वाढवण्याचा मोह कुठे उपजतो, हे त्या पडताळणीने उघड केले.

पण संशयाच्या वाचनाची एक अडचण आहे. ते खोट्या नोंदी शोधते, आणि खरी नोंद सापडली की समाधान पावते. महामारीतल्या आकड्यांची गोष्ट नेमकी इथे वेगळी आहे. माझ्या पाहण्यातले बहुतेक शिक्षक त्या काळात खोटे लिहीत नव्हते. मीही लिहिले नाही. तरीही आम्ही वर पाठवलेल्या तक्त्यांतून मुलांची जी स्थिती दिसत होती, ती त्यांची स्थिती नव्हती. प्रत्येक नोंद खरी असून बेरीज दिशाभूल करते, असे कसे होते, हा अभ्यासाचा खरा विषय आहे.

साधे गणित घेऊ. समजा, पटावर ३० मुले आहेत आणि रोज २४ येतात. उपस्थिती ८० टक्के. सहा गैरहजरांपैकी चार मुले वर्षभर येतच नाहीत म्हणून त्यांची नावे कमी केली. आता पट २६, रोज येणारी तीच २४. उपस्थिती ९२ टक्के. एकही नवे मूल वर्गात आलेले नाही, आणि कोणी खोटेही बोललेले नाही.

आता हेच गणित २०२०च्या जूनमध्ये नेऊ. शाळा बंद, पण शिक्षण सुरू, अशी त्या काळची घोषणा होती. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली, ‘दीक्षा’ अॅपवरचे धडे आले, व्हॉट्सअॅपवर स्वाध्याय येऊ लागले. आमच्याकडे तक्ते आले : स्मार्टफोन असलेले किती, साधा फोन असलेले किती, टीव्ही असलेले किती, काहीच नसलेले किती, आणि ‘संपर्कात’ किती. समजा, ३० पैकी १२ घरांत स्मार्टफोन आहे आणि त्यातल्या ११ मुलांनी अभ्यासाला प्रतिसाद दिला. बाराच्या छेदावर ही उपस्थिती ९२ टक्के होते. तिसाच्या छेदावर ती ३७ टक्क्यांच्याही किंचित खाली येते. कोणता छेद घ्यायचा, हे तक्त्याच्या मथळ्यावर ठरत होते. मथळा ‘ऑनलाइन वर्गातील उपस्थिती’ असा असेल तर बारा. ‘विद्यार्थ्यांची उपस्थिती’ असा असेल तर तीस. पुढे सारांश करताना मथळा गळतो आणि टक्का तेवढा उरतो.

‘संपर्कात’ या शब्दाचेही वाचन व्हायला हवे. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांच्या फोनवर मी रोज अभ्यास पाठवत असे. निळ्या खुणा उमटत. मी त्याला संपर्कात धरले. दिवाळीच्या सुमारास वडील रस्त्यात भेटले तेव्हा कळले, की ते फोन घेऊन ट्रकवर जात आणि मुलगा आजीकडे शेळ्या वळायला होता. निळी खूण खरी होती. अभ्यास कोणीतरी पाहिला होता. तो मुलाने पाहिला, असे गृहीत मी धरले होते, आणि तक्त्यात त्या गृहीतासाठी रकाना नव्हता.

तांदळाचेही असेच. शाळा बंद असताना शालेय पोषण आहाराचे धान्य शिजवून देता येत नव्हते, म्हणून ते कोरडे वाटले गेले. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम, उच्च प्राथमिकच्या मुलाला १५० ग्रॅम, या हिशेबाने जितके दिवस तितका तांदूळ पालक घेऊन जात. गिरण्यांमुळे ज्या गावाला भाताचे गाव म्हणून ओळखतात, त्या घोटीतही हा शाळेचा तांदूळ अनेक घरांना मोलाचा होता. तो वाटला गेला हे योग्यच झाले. पण एरवी ताटावर बसलेल्या मुलांची मोजदाद ही हजेरीची एक आडवी तपासणी असते, कारण जेवायला मूल स्वतःच यावे लागते. धान्य पालकाच्या पिशवीत जाऊ लागल्यावर ही तपासणी बंद पडली. ‘लाभार्थी’ पूर्ण भरले, आणि मूल कुठे आहे हे कळण्याची एक खिडकी मिटली.

हजेरीला पैसा किंवा धान्य जोडण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. शाहू महाराजांनी १९१७मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला होता. महाराष्ट्र शासनाने १९९२मध्ये दुर्बल घटकांतल्या मुलींना शाळेत आल्याबद्दल दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. एकात गैरहजेरीचा भार पालकावर टाकला आहे, दुसऱ्यात शाळेत येण्याने घराची काही बुडीत होते हे मान्य केले आहे. दोन्हींना एक गोष्ट मात्र लागतेच : उघडी शाळा आणि तिच्या दारात मोजले जाणारे मूल. महामारीने ही पूर्वअटच काढून घेतली.

आता मोजणीच्या दिवसाकडे येऊ. इगतपुरी तालुक्यात शाळेचे वर्ष पावसाच्या आणि भाताच्या वेळापत्रकावर चालते. जुलैत आवणी लागली की मोठी मुले चिखलात आणि मधली मुले धाकट्यांना सांभाळत घरी. दिवाळीच्या आगेमागे सोंगणी. ती उरकली की अनेक आदिवासी कुटुंबे बाहेर पडतात. कोणी ठाणे, पालघरकडच्या वीटभट्ट्यांवर, कोणी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत. ती परततात उन्हाळ्यात, पावसाच्या आधी. आणि देशभरच्या शाळांची माहिती ज्या यू-डायस प्रणालीत भरली जाते, तिची पटसंख्येची संदर्भ तारीख असते ३० सप्टेंबर. आवणी संपलेली, सोंगणी सुरू व्हायची, स्थलांतर अजून पुढे. आमच्या भागात वर्षातल्या ज्या थोड्या आठवड्यांत गाव भरलेले असते, त्यातलाच हा एक दिवस. ही तारीख कोणी कपटाने निवडलेली नाही. पण तिच्यावरून वर्षभराचा अंदाज करणे म्हणजे बाजाराच्या दिवशी रस्त्यावर उभे राहून घोटीची लोकसंख्या मोजण्यासारखे आहे.

२०२०च्या उन्हाळ्यात हे वेळापत्रकच उलटे झाले. मुंबई-आग्रा महामार्गावरून कसाऱ्याचा घाट चढून माणसांचे लोंढे नाशिककडे चालत होते, हे घोटीने दारात उभे राहून पाहिले. त्याच दिवसांत आमची बाहेर गेलेली बरीच कुटुंबेही परतली. एरवी मार्च-एप्रिलमध्ये ज्यांच्या नावासमोर सलग गैरहजेरी पडायची, ती मुले गावात, शाळेपासून हाकेच्या अंतरावर होती. शाळा बंद होती. मूल गावात असण्याचा आणि मूल हजर असण्याचा संबंध किती सैल आहे, हे मला तेव्हा जितके स्पष्ट दिसले तितके तीस वर्षांच्या नोकरीत दिसले नव्हते.

बंदीचा काळ किती होता, हेही इयत्तावार वाचले पाहिजे. राज्यात नववी ते बारावीचे वर्ग नोव्हेंबर २०२०पासून आणि पाचवी ते आठवीचे जानेवारी २०२१च्या अखेरीस सुरू करायला परवानगी मिळाली. दुसऱ्या लाटेत ते पुन्हा बंद झाले. ४ ऑक्टोबर २०२१ला ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग उघडले. पहिली ते चौथीला परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१पासून, आणि जानेवारी २०२२मध्ये त्यांचीही दारे काही काळ पुन्हा लागली. म्हणजे जून २०२०मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गाच्या फळ्यासमोर प्रथम बसले तेव्हा ते दुसरीत होते आणि दुसरीचेही निम्मे वर्ष सरले होते. पटावर ते अखंड आहे. एकही वर्ष गळालेले नाही. ‘महामारीत गळती झाली नाही’ या विधानात अशा मुलाचा समावेश होतो.

हा प्रश्न केवळ आपला नाही. इंग्लंडच्या शिक्षण खात्याने २०२०च्या शरद सत्रात कोरोनामुळे शाळेत येऊ न शकलेल्या मुलांसाठी हजेरीत ‘एक्स’ ही वेगळी खूण वापरायला सांगितली. ही खूण असलेले मूल वर्गात नसे, पण आकडेवारीत गैरहजर धरले जात नसे. त्यामुळे तिथला गैरहजेरीचा दर वाचताना ‘एक्स’च्या नोंदी त्यात मिळवल्या आहेत की नाहीत, हे पाहिल्याशिवाय काहीच कळत नाही. अमेरिकेत वर्षाचे दहा टक्के किंवा अधिक दिवस बुडवणाऱ्या मुलांना दीर्घकालीन गैरहजर म्हणतात. त्यांचे प्रमाण २०१८-१९मध्ये सुमारे १५ टक्के होते, ते २०२१-२२मध्ये सुमारे २८ टक्क्यांवर गेले. शाळा उघडल्यानंतरही हा आकडा चढला, आणि तो दिसला याचे एक कारण असे, की तिथे वर्गाची सरासरी न पाहता एकेका मुलाचे दिवस मोजले गेले. सरासरी ९० टक्के असलेल्या वर्गात प्रत्येक मूल महिन्यातून दोन-तीन दिवस बुडवत असेल, किंवा दहातले एक मूल कधीच येत नसेल. टक्का दोन्हींचा सारखाच.

आपल्याकडे बाहेरून येऊन मुले मोजण्याचे काम ‘असर’ पाहणी करते. तिचे कार्यकर्ते पाहणीच्या दिवशी ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत प्रत्यक्ष डोकी मोजतात आणि घरोघर जाऊन मुलांना वाचायला लावतात. २०१८ आणि २०२२ या दोन पाहण्यांतले देशपातळीवरचे तीन आकडे शेजारी ठेवावेत. ६ ते १४ वयोगटातल्या मुलांची पटनोंदणी ९७.२ वरून ९८.४ टक्के झाली. शाळेतली प्रत्यक्ष उपस्थिती ७२.४ वरून ७३ टक्के झाली. आणि दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतली मुले २७.३ टक्के होती, ती २०.५ टक्के झाली. २०२२मध्ये तिसरीत असलेली मुले म्हणजे २०२०मध्ये पहिलीत नाव घातलेली मुले. पहिले दोन आकडे वर गेले, तिसरा खाली आला. पटनोंदणी आणि उपस्थिती यांच्यामध्ये जे सुमारे २५ टक्क्यांचे अंतर आहे, ते महामारीने निर्माण केले नाही. ते आधीपासून तिथेच होते. आणि मधल्या काळाची जाणीव कोणी करून दिली नव्हती असेही नाही. ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आदींच्या पुढाकाराने ऑगस्ट २०२१मध्ये मुद्दाम गरीब वस्त्यांतल्या सुमारे १,४०० मुलांची पाहणी झाली. त्यांपैकी ग्रामीण भागात नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुले ८ टक्के होती, आणि ३७ टक्के मुले काहीच शिकत नव्हती.

आता शब्दाकडे वळतो, कारण आकड्याच्या मुळाशी शेवटी एक व्याख्या असते. ‘शाळाबाह्य’ मूल म्हणजे कधी शाळेत न गेलेले, किंवा नाव असून सलग महिनाभर न कळवता गैरहजर राहिलेले मूल. व्याख्या चांगली आहे. पण ती उघड्या शाळेसाठी लिहिलेली आहे. शाळा वीस महिने बंद असेल तर कोणीच गैरहजर राहू शकत नाही. सगळेच दिवस रविवारासारखे उभे लिहिले जातात. मार्च २०२१च्या पहिल्या दहा दिवसांत राज्यात शाळाबाह्य मुलांची शोधमोहीम झाली. पटावर दोन कोटींहून अधिक मुले असलेल्या राज्यात तेव्हा सापडलेली शाळाबाह्य मुले सुमारे २५ हजार होती. त्या वेळी पहिली ते चौथीचे एकही मूल गैरहजर ठरू शकत नव्हते. हा आकडा वाचताना हे वाक्य त्याच्या शेजारी छापायला हवे. पुढे ५ ते २० जुलै २०२२ या काळात ‘मिशन झिरो ड्रॉपआऊट’ राबवले गेले. मोहिमेच्या नावातच उत्तर ठरलेले होते. शून्य.

त्यानंतर दोन महिन्यांत, सप्टेंबर २०२२मध्ये, इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे इथल्या कातकरी वस्तीतल्या दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला. तिला मेंढपाळाकडे कामाला ठेवले होते. घोटी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला आणि तपासात दिसले, की ती एकटी नव्हती. काही हजार रुपये किंवा एखादी मेंढी यांच्या बदल्यात वस्तीतली आणखी मुले नाशिक आणि नगर जिल्ह्यांतल्या मेंढपाळांकडे राबत होती. कातकरी ही केंद्राने विशेष दुर्बळ म्हणून नोंदलेली जमात आहे. त्या वस्तीपासून महामार्ग, पोलीस ठाणे, शाळा, काहीच फार लांब नाही.

दुसऱ्याच महिन्यात याच तालुक्यातल्या दरेवाडीची मुले नाशिकला जिल्हा परिषदेवर शेळ्या घेऊन गेली. भाम धरणाने ही वस्ती विस्कळीत केली होती आणि मागे उरलेल्या घरांजवळची शाळा बंद करून मुलांना दुसरीकडे जायला सांगितले गेले होते. मुलांची मागणी होती : दप्तर घ्या, बकऱ्या द्या. त्याच सुमारास राज्यात २०पेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली जात होती.

या दोन घटना मी एकत्र ठेवतो, कारण दोन्हींत आकड्याचे एकच वाचन आहे. उभाड्याच्या मुलांची अनुपस्थिती कोणाला बोचली नाही, कारण दूर मेंढरांमागे गेलेले एकेक मूल सरासरीत जाणवत नाही. दरेवाडीची मुले तर हजर होती, रोज येत होती. पण ती थोडी होती. एकीकडे मूल नसून टक्क्याला धक्का लागत नाही, दुसरीकडे मूल असून शाळा टिकत नाही. दोन्हीकडे आपण संख्येच्या आकाराकडे पाहिले, मुलाकडे पाहिले नाही. आणि दोन्हीकडे शाळेचा पर्याय काय होता, हे मुलांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक होते. त्यांनी शेळ्या उगाच नेल्या नव्हत्या.

गुरांमागच्या मुलाचा प्रश्न आपल्या शिक्षणविचाराला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात वारली मुलांसाठी काम करताना कुरणशाळा चालवली : मूल गुरे घेऊन कुरणात जाते, तर शाळाही तिथे जाईल. वसईकडे विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा झाल्या. या सर्व प्रयोगांच्या यशापयशावर वाद होऊ शकतो. मला त्यांच्यातली मोजणीची पद्धत महत्त्वाची वाटते. त्यांनी छेद आधी ठरवला. वस्तीत, कुरणात, भट्टीवर किती मुले आहेत ते आधी मोजले, आणि मग त्यातली किती शिकताहेत ते विचारले. आपला हजेरीपट उलट्या क्रमाने चालतो. दारातून आत आलेल्यांपासून तो सुरू होतो.

म्हणून हजेरीचा कोणताही आकडा समोर आला, की चार प्रश्न विचारावेत असे मला वाटते. छेदात कोण आहे आणि कोणाला वगळले आहे? कोणत्या दिवशी मोजले? ‘हजर’ म्हणजे नेमके काय धरले : मूल, फोन, की तांदळाची सही? आणि ही खूण कमी पडली तर तोटा कोणाचा होतो? शेवटचा प्रश्न शिक्षकाला गुन्हेगार ठरवण्यासाठी नाही. हजेरी कमी दाखवली तर खुलासा मागितला जातो, पट कमी झाला तर पद जाते, हे ज्याला ठाऊक आहे त्याने खरी नोंद करावी असे वाटत असेल, तर खऱ्या नोंदीची शिक्षा आधी काढून घ्यावी लागेल.

निवृत्तीच्या आधी दप्तर हवाली करताना मी तो २०२०-२१चा हजेरीपट पुन्हा चाळला. पानेच्या पाने ‘शाळा बंद’, उभे. ऑनलाइनचे तक्ते वेगळ्या फायलीत होते, नीट टाचलेले, टक्क्यांसह. शेळ्यांमागे गेलेल्या त्या मुलाचे नाव दोन्हीकडे होते. पटावर नियमित, तक्त्यात संपर्कात. पुढच्या वर्षीच्या पानावर ते पाचवीत गेल्याची नोंद होती. पाचवीच्या वर्गशिक्षकांना मी त्याच्याविषयी विचारले. त्यांनी हजेरीपट काढला, बोट फिरवले आणि म्हणाले, “आहे की. नाव आहे.”